टोपी आणि मनगट

"पट्ट्याला हात लागला होता का?" चिमणीनं अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

दुसऱ्या बेसवरून उगाच धावत सुटलेली मुलगी ओशाळली. "नाही."

"मग धावलीस कशाला? आधी कमरेचा पट्टा, मग खूण. पट्टा नाही, तर मी नाक खाजवतेय की माशी हाकलतेय, तुला काय करायचंय?"

मुली खिदळल्या. जाळीपलीकडच्या बाकावर बसलेल्या मॅडमही हसल्या. वाक्य त्यांचंच होतं, माशीसकट.

चिमणी हे नावही त्यांनीच ठेवलेलं. कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघात आली तेव्हा ही बॅट उचलते की बॅट हिला, असा प्रश्न पडायचा. आता एक्केचाळीस वर्षांची, मॅडमची सहायक कोच होती, आणि उद्यापासून संघ तिचा होता. आज मॅडमचा शेवटचा दिवस. चार वाजता निरोप समारंभ.

"सांगणार आहेस ना आज?" मॅडमच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्यानं विचारलं.

"बघू."

"बघू काय? बावीस वर्षं माझ्या टोपीचं श्रेय घेतेयस. निम्मी ट्रॉफी माझी आहे."

"अहो, हळू बोला. ऐकेल ती."

एकतीस वर्षांची नोकरी, चौदा विजेतेपदं. पण लोकांच्या तोंडी एकच गोष्ट असायची. तो बंट.

बावीस वर्षांपूर्वीचा अंतिम सामना. शेवटचा डाव, बरोबरी, दोन गडी बाद, एक मुलगी तिसऱ्या बेसवर. चिमणी बॅट घेऊन उभी, आणि तिचे दोन स्ट्राइक झालेले, तिसऱ्याला बाद. अशा वेळी बॅट जोरात फिरवायची, हे शाळेतलं पोरही सांगेल. चिमणीनं बॅट आडवी धरून चेंडू नुसता पुढ्यात टेकवला. यालाच बंट म्हणतात. असा चेंडू रेषेबाहेर गेला असता तर ती तिथल्या तिथे बाद. तो रेषेला चिकटून रांगत राहिला, समोरच्या मुली एकमेकींची तोंडं बघत राहिल्या, आणि चिमणी पहिल्या बेसवर पोचली तोवर तिसऱ्या बेसवरची मुलगी होम बेसवर येऊन विजयाची धाव झालेली होती.

त्या वर्षी हरलो तर कोच बदलायचा, असं प्राचार्यांनी आधीच ठरवलं होतं. ही बातमी मैदानावर झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. बंटनंतर ती जी विरली ती कायमची. वार्ताहर धावत आला तेव्हा मॅडमनी तोंड उघडायच्या आत चिमणीच म्हणाली, "मॅडमनी खूण केली. मी फक्त ऐकलं."

खूण केली होती हे खरं. टोपीला हात, मग मनगटाला. बंटची खूण तीच. पण ती चिमणीला नव्हती. तिच्या बरोबर मागे, जाळीपलीकडे, मॅडमचा नवरा उघड्या डोक्यानं रणरणत्या उन्हात बसला होता. हृदयाचं दुखणं होऊन महिना उलटला नव्हता. त्या गोंगाटात हाक पोचणं शक्य नव्हतं. टोपी घाला, गोळीची वेळ झाली, एवढंच मॅडमना सांगायचं होतं. चिमणीनं बॅट आडवी धरली तेव्हा कुठे आपल्या हातांनी काय केलं ते मॅडमच्या ध्यानात आलं.

मग सत्कार झाले, नोकरी टिकली, आणि सांगायचं राहून गेलं. दर वर्षी नव्या मुलींना चिमणी ती गोष्ट सांगायची आणि शेवटी म्हणायची, "त्या बंटनं मला कोच केलं." मॅडम तेवढ्यापुरत्या बुटाची नाडी बांधायला वाकायच्या. कुणीतरी आपल्यावर एवढा भरवसा टाकला या एका गोष्टीवर हिनं आयुष्य उभं केलं, आणि ती गोष्टच मुळी खोटी. सांगितलं तर हिला काय वाटेल? नाही सांगितलं तर आपण कुठल्या तोंडानं घरी जायचं?

समारंभात प्राचार्य चाळीस मिनिटं बोलले, त्यातली दोन मॅडमबद्दल होती. चिमणीनं पुन्हा बंटची गोष्ट सांगितली. टाळ्या थांबेनात. मॅडमना मान वर करवेना.

साडेपाचला दोघी साहित्याच्या खोलीत आल्या. मॅडमनी किल्ल्या दिल्या, गळ्यातली शिट्टी काढून दिली. खिडकीतून नवरा दिसत होता, फाटकापाशी, टोपी घालून उभा.

"चिमणे, एक सांगायचंय. ऐकून घे, मग हवं तेवढं रागव."

चिमणी सांडलेले चेंडू पिशवीत भरत होती. "बोला ना."

"ती खूण तुला नव्हती गं. ह्यांना होती. टोपी घाला, गोळी घ्या, म्हणून सांगत होते. तुझ्यावर भरवसा टाकला वगैरे काही नाही. मला तर तू बॅट फिरवावीस असं वाटत होतं. तुला चुकून बंटची खूण दिसली, आणि बावीस वर्षं मी गप्प बसले." "मला माफ कर."

चिमणीनं पिशवीची नाडी ओढली, गाठ मारली. उठून शिट्टी गळ्यात घातली आणि मॅडमचे दोन्ही हात हातात घेतले.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तुम्ही पट्ट्याला हात लावलाच नव्हता."