गार पाणी

भर दुपारी वीज गेली आणि माशांच्या टाकीतलं पाणी गार ठेवणारं यंत्र बंद पडलं. तिच्या परगावी गेलेल्या नवऱ्याने पोटच्या पोरांसारखी जपलेली प्रवाळं आता तापल्या पाण्यात मरणार होती. बर्फाची बाटली घेऊन ती खाऱ्या पाण्याच्या त्या काचेच्या टाकीकडे धावली.

"पाणी तापलं का गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

तिने हात बुडवला. पाणी हाडं गोठवणारं गार होतं.

"नाही हो आई! तुम्ही बर्फ सोडलात का?"

"मी कशाला? मी तर पडून आहे."

तिने चटकन हात काढून घेतला. काचेत मात्र तो अजून पाण्यातच दिसत होता, आणि मासे त्याला बिलगले होते.

घाबरून तिने मूठ घट्ट आवळली. पाण्यातला हात सावकाश उघडला आणि तिला जवळ बोलावू लागला.