चालू कूलर

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी विनोदिनीबाई तात्यापाऱ्यातून भनपुरीला शेवंताच्या घरी आल्या. तिच्या फोटोला हात जोडले, डोळे पुसले आणि तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसल्या. दर शनिवारी त्या तिथंच बसत. शेवंता सरकारी दवाखान्यात समुपदेशक होती. तिथं बोलून भागलं नाही की लोक घरी येत.

तिचा नवरा धर्मपाल कॉटवर बसला होता. खिडकीतला कूलर घरघरत होता.

"बाईंसारखं ऐकणारं कोणी नाही, भैया," विनोदिनीबाई म्हणाल्या. "आता माझी सूनच पाहा ना..."

फोटोवरचा हार अजून पुरता सुकला नव्हता आणि सून सुरू झाली. तिचा मोबाइल, तिचं माहेर, तिनं मांडलेली वेगळी चूल. कूलरमुळे बाईंना ओरडून सांगावं लागत होतं.

शेवंताची मुलगी अपर्णा उठली. तिचा हात आपोआप कूलरच्या बटणाकडे गेला. ही तिच्या आईची सवय. कोणी बोलायला बसलं की शेवंता आधी कूलर बंद करायची, रायपूरच्या मे महिन्यातसुद्धा. अपर्णा शाळेतून आली तरी तेच. आधी बटण, मग "हं, सांग." वर्गातलं भांडण सांगून होईपर्यंत माय घामानं निथळायची आणि आतल्या खोलीतून धर्मपाल ओरडायचा.

"हात काढ," तो आता म्हणाला. "कूलर चालूच राहीन."

विनोदिनीबाई थांबल्या.

"तिले काय झालं होतं, विचारलं का तुम्ही?"

"अचानकच ना, भैया?"

"अचानक नाही. पण राहू द्या. सुनेचं सांगा. ती ऐकून राहिली फोटोतून."

बाईंनी पर्स उचलली. दारात अपर्णाच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेल्या.

"पापा, ऐसे कोई बोलता है क्या?"

"मग कसं बोलू? काल मंडपात एकेक जण माइकवर आला अन् आपलंच रडगाणं सांगून गेला. बाईंनी मायं ऐकलं, मायं ऐकलं. तिचं कोणी ऐकलं? डॉक्टरपुढं बसली, 'छातीत' एवढंच बोलली. त्यानं मानही वर नाही केली. गॅस आहे म्हणे, अन् पुढच्याले बोलावलं. एक वाक्य पुरं होऊ नाही दिलं तिचं." धर्मपालनं कॉटवर मूठ आपटली. "अन् तू मायचाच कोर्स करून राहिली. काहून? उद्या तुयं कोण ऐकीन?"

 अपर्णानं जाऊन कूलरचं बटण दाबलं. आईच्या खुर्चीवर ती बसली नाही, खाली फरशीवर त्याच्या समोर बसली.

घरघर हळूहळू थांबली. कूलरच्या आत पाणी ठिबकताना ऐकू यायला लागलं.

"हं," ती म्हणाली. "सांगा."

धर्मपालच्या कपाळावर घाम आला.

"उकडून राहिलं," तो म्हणाला.

अपर्णा हलली नाही.