छपरांचं बामबर्ग

अकरा वाजून वीस मिनिटं झाली तरी ती बाई पुलावरच उभी होती. घड्याळ बघायची, मग पुलाच्या दोन्ही टोकांकडे बघायची.

ओटमार बाकावरून तिला पाहत होता. शहर दाखवायची फेरी अकराला याच पुलावरून निघे. नोव्हेंबरच्या गारठ्यात दुसरं कुणी फिरकलं नव्हतं, आणि हिचा गाईडही आलेला दिसत नव्हता.

फेब्रुवारीत त्याची बायको गुंडा गेली. तेव्हापासून पाववाल्या बाईखेरीज ओटमार कुणाशी धड बोलला नव्हता. आज तो उठला, टोपी नीट केली आणि पुलावर गेला.

“माफ करा, उशीर झाला. फेरीसाठीच ना तुम्ही?”

तिनं क्षणभर त्याला निरखलं. “हो, फेरीसाठीच.”

“मग चला.”

चाळीस वर्षं त्यानं बामबर्गची, या जर्मन गावाची, छपरं शाकारली होती. राजे, बिशप, सनावळ्या यातलं त्याला काही येत नव्हतं. नदीच्या मधोमध उभ्या जुन्या नगरभवनापाशी तो थांबला. भिंतीवर देवदूत रंगवलेला होता, पण त्याचा एक पाय मात्र खराखुरा भिंतीबाहेर आलेला.

“हा असा का?” तिनं विचारलं.

“चित्रकाराची बायको जेवायला हाका मारत होती. घाईत पाय आत घ्यायचा राहिला.”

“कुठे लिहिलंय हे?”

“कुठेच नाही. आमची गुंडा सांगायची.”

ती हसली.

कॅथेड्रलच्या चौकात त्यानं मनोऱ्याकडे बोट दाखवलं. “तिथे काम चालायचं तेव्हा गुंडा खाली इथे येऊन पंचा हलवायची. म्हणजे सूप निवतंय, या. मी हातोडी दोनदा वाजवायचो. म्हणजे आलोच. वर हाक पोचत नाही ना.”

उतारावर तिनं त्याचा हात धरला.

“ते तिसरं छप्पर बघा. कौलांची ओळ वाकडी आहे ना? माझीच. त्या दिवशी आमची मुलगी झाली.”

“नंतर सरळ नाही केलीत?”

“गुंडानं करू दिली नाही.”

परत पुलाशी आल्यावर त्यानं टोपी काढली. “बाई, खरं सांगतो. मी गाईड नाही. तुम्ही एकट्या उभ्या दिसलात, राहवलं नाही.”

“असू द्या. उद्या अकराला याल?”

“उद्या काय दाखवू? मला येत होतं ते सगळं संपलं.”

“छपरं संपली?”

“छपरं कशी संपतील,” तो म्हणाला, आणि घराकडे निघाला. वळणावर थांबून त्यानं हात हलवला.

ती नदीकाठच्या पर्यटन कार्यालयात शिरली. टेबलामागच्या रोझवितानं मान वर केली.

“काय गं, आज तरी कुणी आलं का तुझ्या फेरीला?”

“एक जण आले,” खिशातला गाईडचा बिल्ला टेबलावर ठेवत ती म्हणाली.