दोघांत एक झडप

“बघा, काही दुखत नाही,” म्हणत सुमन स्वतःच टेबलावर आडवी झाली. तिचा नवरा एकनाथ मुंबईच्या इस्पितळातल्या त्या तपासणीच्या यंत्राला बिचकत होता. वटारच्या वाडीत केळी आणि भाजी पिकवण्यात त्याचा जन्म गेला होता. आता हृदयाची झडप आकसली होती. या वयात छाती उघडणं झेपणार नव्हतं. मांडीच्या शिरेतून नवी झडप नेऊन बसवायची, एवढा एकच उपाय होता आणि तोही नुकताच निघालेला.

डॉक्टरीणबाईंनी हसत हसत सुमनच्या छातीवर यंत्राची दांडी टेकवली. पडद्यावर हृदय उमटलं आणि त्यांचं हसू मावळलं. सुमनची धाप नुसती वयाची नव्हती. तिची झडप नवऱ्याच्या झडपेहून अरुंद होती.

दोघांचेही स्कॅन झाले. ती बसवायला परदेशाहून येणाऱ्या डॉक्टरांजवळ या खेपेला एकच झडप होती. संध्याकाळी एकनाथ डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून बाहेर आला तो ठरवूनच.

“आधी तुझं. माझं पुढच्या खेपेला.”

“मी नाही करून घ्यायची. आपण तुमच्यासाठी आलोय.”

“दोघं धापा टाकत बसलो तर वाडीला पाणी कोण लावणार? तू बरी हो. मग मी आहेच.”

त्या ‘मग’च्या भरवशावर सुमन तयार झाली.

शिरेतून सरकणारी नळी पडद्यावर बघत बघत डॉक्टरांनी झडप नेमकी जागी बसवली. महिन्याभरात सुमन न थांबता वाडीभर फिरू लागली. एकनाथ ओट्यावर बसून बेत सांगायचा. माझं झालं की सोनचाफ्याची कलमं लावू, पापडी गावच्या बाजारात माल घेऊन पुन्हा मी जाईन. पुढची खेप लांबत गेली. पाऊस तोंडावर आला असताना एका दुपारी, जेवता जेवता, तो गेला.

सुमनला अन्न गोड लागेना. तपासणीला गेली तेव्हा तिला रडू आवरलं नाही. “त्यांची झडप मी घेतली, बाई.”

डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“ती त्यांना बसणारच नव्हती, आजी. स्कॅनमध्ये त्यांच्या झडपेच्या जागेचं माप फार मोठं निघालं. तेवढी झडप कुणी बनवतच नव्हतं. त्याच संध्याकाळी मी त्यांना सांगितलं होतं. ‘तिला कळू देऊ नका, ती टेबलावर चढायची नाही,’ म्हणाले.”

सुमनचं रडू थांबलं.

“म्हणजे अख्खा उन्हाळा तुम्ही एकटेच मरत होता,” ती म्हणाली. ती डॉक्टरीणबाईंशी बोलत नव्हती.