दार न उघडणारी बहीण

दादाच्या पत्राला प्राध्यापकांनी अकरा वर्षांत उत्तर पाठवलं नव्हतं, आणि आता ते वृद्धाश्रमात त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. सिस्टरने दारातच सांगितलं होतं, "दोन दिवस, फार तर तीन. शुद्धीवर आहेत तोवर बोलून घ्या." बोलायचं कसं, हे तिने सांगितलं नव्हतं.

पत्र तसं साधं होतं. दादा जन्मभर एका सिनेमा थिएटरात ऑपरेटर. मशीनच्या खोलीला लागून असलेल्या खोलीतच राहायचा. लग्न केलं नाही. धाकट्या भावाचं सिनेमाच्या कथनशास्त्रावरचं पुस्तक त्याने दोनदा वाचलं आणि लिहिलं: 'तू म्हणतोस, गोष्टीत आधी घडी बसलेली असते, मग ती विस्कटते, शेवटी नवी घडी बसते. तू म्हणतोस, अर्थ विरोधी जोड्यांतून निघतो. घर आणि रस्ता, आतला आणि बाहेरचा. पटलं. आता एक सिनेमा सांगतो. एक म्हातारी आहे. तिची राहती जागा जाणार आहे. दुसऱ्या शहरात धाकटी बहीण आहे, शिकलेली, ऐसपैस घरात राहणारी. म्हातारी सामान बांधून बसलीय. तुझ्या शास्त्राप्रमाणे हा सिनेमा कुठल्या प्रकारातला? शेवट काय व्हावा? वेळ मिळेल तसं कळव.'

प्राध्यापकांना प्रश्न फार आवडला. अडलं एकाच ठिकाणी. सिनेमाचं नाव दादाने लिहिलंच नव्हतं. नाव ठाऊक नसताना उत्तर कसं द्यायचं? हजारो रिळं ज्याच्या हातांखालून गेली, त्याच्यापुढे हसं व्हायचं. त्यांनी याद्या धुंडाळल्या, दोन चित्रपट-संग्रहालयांना लिहिलं, विद्यार्थ्यांना कामाला लावलं. प्रत्येक सिनेमाचं करायचे तसं याचंही एक कार्ड केलं: डावीकडे म्हातारी, रस्ता, गाठोडं, उजवीकडे बहीण, घर, कुलूप, खाली प्रकार, शोकांतिका. नावाची जागा कोरी राहिली. फोनवर वर्षातून एक-दोनदा बोलणं व्हायचं, पण नाव विचारायचं म्हणजे उत्तर राहिल्याची कबुली द्यायची. ते हवापाण्याचं विचारून फोन ठेवत.

कार्डाचं मात्र एक व्याख्यान झालं, व्याख्यानाचा लेख झाला, आणि लेख एका मासिकात छापून आला. शोकांतिकेतली धाकटी बहीण मदतनीस नसतेच, असं त्यांनी त्यात मांडलं होतं. तिने दार उघडलं तर गोष्ट संपते आणि प्रकारच मोडतो. म्हणून तिने दार उघडता कामा नये. स्वतःच्या प्रत्येक ओळीवर शंका घेणाऱ्या प्राध्यापकांना हे एक वाक्य बिनचूक वाटलं होतं. पुढे थिएटर पाडलं आणि दादा वृद्धाश्रमात गेला, असं कानावर आलं, तेव्हा त्यांना बरंच वाटलं. सोय झाली.

"काय पंडित," दादा डोळे न उघडताच म्हणाला, "खिशात पेन अजून गळतं का?"

"गळतं."

"आणि चहा? जमतो का करायला, की त्याचंही पुस्तक मागवलंस?"

प्राध्यापक कसनुसे हसले. मग त्यांनी एकदाचा धीर केला. "दादा, तुझ्या पत्राचं उत्तर राहिलं रे. तो सिनेमा मला शेवटपर्यंत सापडला नाही. कुठला होता?"

"कुठला सिनेमा?"

"म्हातारीचा. धाकट्या बहिणीचा."

दादाला हसू आलं, हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत बराच वेळ गेला.

"अरे वेड्या, सिनेमा कसला! थिएटर पाडायचं ठरलं होतं. तुझ्याकडे राहायला येऊ का, एवढंच विचारायचं होतं. सरळ लिहायची लाज वाटली. म्हणून माझी म्हातारी केली आणि तुझी बहीण. म्हटलं, आमचा पंडित आहे, त्याला त्याच्या भाषेत विचारावं."

प्राध्यापकांच्या हातात पाण्याचा पेला होता. तो कुठे ठेवायचा, हे त्यांना सुचेना.

"आणि राहिलं कुठे?" दादा म्हणाला. "आलं की तुझं उत्तर. थिएटरच्या मॅनेजरने मासिक आणून दिलं होतं. दार उघडता कामा नये, चांगलं चार पानं समजावून लिहिलं होतंस. मी बांधलेलं सामान सोडलं." त्याच्या आवाजात रुसवा नव्हता. रुसवा असता तर प्राध्यापकांना माफी तरी मागता आली असती. "नाही, शेवट बरोबर होता तुझा. मी आलो असतो, तर त्यात गोष्ट ती काय राहिली असती?"

"दादा," प्राध्यापक म्हणाले. पेल्यातलं पाणी त्यांनी स्वतःच पिऊन टाकलं. दादाला डुलकी लागली.

"संध्याकाळी पुन्हा जागे होतील," सिस्टर म्हणाली. "बसा ना."

ते बसले नाहीत. व्हरांड्यातून दोनदा परत फिरले, दोनदा खोलीच्या उंबऱ्यावर थांबले. जन्मात त्यांना तोंडाने काही सांगता आलं नव्हतं. जे काही सांगितलं ते लिहून. शेवटी ते फाटकाबाहेर आले, समोरच्या दुकानातून एक पोस्टकार्ड घेतलं आणि उभ्या उभ्याच लिहिलं: 'दादा, माझ्याकडे राहायला ये.' संदर्भ नाही, टीप नाही.

"आज टाकलं तर कधी मिळेल?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"इथलंच असलं तरी आधी मोठ्या पोस्टात जातं हो. चार दिवस धरा."

प्राध्यापकांनी मागे वळून दादाच्या खिडकीकडे पाहिलं. ती वीस पावलांवर होती. मग त्यांनी पत्त्याची ओळ पुन्हा एकदा तपासली आणि कार्ड टपालपेटीत टाकलं.