वरची रांग

“हातच घाणेरडे तुझे,” सासूबाई म्हणाल्या आणि सुनेला अळिंबीच्या खोलीबाहेर काढलं. तेही विक्रीचे डबे भरायला आलेल्या बायकांसमोर. दोरीला टांगलेल्या पिशव्यांत अळिंबीचं पांढरं जाळं धरायचं, तिथे हिरव्या बुरशीचे ठिपके उठले होते. असंच चालू राहिलं तर सगळं पीक उकिरड्यावर जाणार होतं. खापर कोणावर तरी फोडायला हवंच. सून हाताशी होती.

“बोल की. मूग गिळलेस का?”

सुनेने ॲप्रन खुंटीला अडकवला आणि बाहेर डबे भरायला बसली.

सासूबाईंची स्वच्छता म्हणजे काय विचारता. त्यांनी घासलेल्या पातेल्यात खुशाल भांग पाडून घ्यावा. कमरेला ओलं फडकं खोचून खोलीत रोज एक फेरी त्या आधीपासूनच मारायच्या. आता दोन मारू लागल्या. ठिपका दिसला की पिशवी उघडून फडक्याने खरवडायच्या, तेच फडकं शेजारच्या पिशवीवरून फिरवायच्या आणि स्वतःलाच शाबासकी द्यायच्या. सुनेने आणलेल्या स्पिरिटला मात्र शिवायच्या नाहीत. म्हणे दवाखान्याचा वास येतो.

बुरशी वाढतच गेली.

“सूनबाई बाहेर, बुरशी आत,” डबे भरणारी एक पुटपुटली. “आता काय दाराला रागवायचं?” बाकीच्या मान खाली घालून हसल्या. सासूबाईंनी ते बरोबर ऐकलं. आपल्या मागे ही सूनच काहीतरी करते, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी बायका यायच्या आत त्यांनी खोलीचं दार ढकललं. सून आतच होती. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवायची, एक पिशवी पुसायची, बोळा झाकणाच्या बादलीत टाकायची. मग नवा घ्यायची.

“सापडलीस. काय चाललंय हे?”

सून दचकली. मग हळूच म्हणाली, “तुमचं फडकं फिरलंय, तेवढ्याच पुसते आई.”

“म्हणजे मी लावते रोग?”

सुनेने नुसतं वर पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं. सगळ्यात वरची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत दुधासारखी पांढरी होती. तिथे त्यांचा हात पोचत नव्हता.

त्यांनी कमरेचं फडकं उपसून काढलं खरं, पण ते टाकावं कुठे ते कळेना. ते तसंच हातात धरून त्या उभ्या राहिल्या. अंगणात बायकांच्या चपला वाजू लागल्या होत्या.

“त्या दिवशी बोलली का नाहीस?” आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

“तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं होतंत,” सून म्हणाली. “उत्तरही सगळ्यांसमोरच द्यावं लागलं असतं.”