बसवेना

सुपरमार्केटात घसरून पडलेल्यांविरुद्ध विमा कंपन्यांच्या बाजूने कोर्टात भांडायचा मला वीट आला, म्हणून मी वकिलांच्या मोठ्या फर्ममध्ये गेले. इथे कंपन्याच एकमेकींवर दावे लावतात. आम्ही पुराव्यासाठी वर्षभर त्यांच्या ईमेल वाचतो आणि ऐन वेळी तडजोड होते.

"सर, आपण कोर्टात कधी उभं राहायचं?" मी साहेबांना विचारलं.

"अगं ट्रॅस्क, खटला तिथवर गेला तर अशील आपल्याला हाकलून देईल!"

दोन वर्षांनी एकदाची कोर्टात गेले, पण निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या ज्युरीची निवड होती, तिचं बोलावणं आलं म्हणून, चारचौघांसारखी. जज्ज माझ्या जुन्या खटल्यांपासून ओळखीचे, पेट्राकिस. खटला सुपरमार्केटात द्राक्षावरून घसरलेल्या बाईचा. तिच्या वकिलाने आम्हा बोलावलेल्यांना थेट विचारलं, "फरशी न पुसणाऱ्या या दुकानाला तुम्ही धडा शिकवणार ना?"

निवडीआधीच असा शब्द मागणं नियमात बसत नाही, पण विमा कंपनीची नवखी वकील फायलीत डोकं खुपसून बसलेली. अगं, ऊठ ना! मला खुर्चीत बसवेना.

मी ताडकन उठले. "हरकत आहे!"



"मान्य, मिस ट्रॅस्क," जज्ज लिहिता लिहिताच म्हणाले, आणि मग दचकून त्यांनी मान वर केली.